परशुरामाचं बक्षीसपत्र

माणूस मरणाला भितो, असं तत्त्वज्ञ मंडळी सांगतात. या मंडळींवर बँकेच्या काउंटरमागे बसायची पाळी कधी आलेली नसावी. मी बावीस वर्षं तिथे बसतो आहे. (हल्ली आम्हांला क्लार्क म्हणत नाहीत, ‘असोसिएट’ म्हणतात. खुर्ची तीच आहे, तिचा डावा हातही तसाच निखळलेला आहे.) या बावीस वर्षांत माझं असं मत झालं आहे, की माणूस मरणाला फारसा भीत नाही. तो नॉमिनेशनच्या फॉर्मला भितो.

“काका, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव घालू?” एवढंच मी विचारतो. पण खिडकीपलीकडचा चेहरा असा होतो, की मी फॉर्म नव्हे, मडकंच पुढे केलं आहे. कुणी म्हणतं, “आज संकष्टी आहे हो, उद्या बघू.” कुणी इकडेतिकडे बघून हळूच सांगतं, “बायकोचं घाला, पण तिला कळता कामा नये.” एका आजींनी तर दत्तमहाराजांचं नाव घालायला सांगितलं. महाराजांचं आधार कार्ड लागेल म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “त्यांच्याकडे आधार कसला मागतोस? तेच सगळ्यांचा आधार आहेत.” यावर आमच्या नियमावलीत उत्तर नाही.

पूर्वी बँकेतल्या ठेवीला एकच नॉमिनी लावता यायचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार लावता येतात. कुणाला किती टक्के, तेही लिहिता येतं. चार या आकड्याचं महत्त्व आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कायद्याला ते आत्ता कळलं, एवढंच.

बरं, नॉमिनी म्हणजे मालक, हीसुद्धा एक घट्ट समजूत. देवळाच्या दारात प्रसादाचं ताट धरून उभा असलेला मुलगा असतो ना, तो म्हणजे नॉमिनी. ताट त्याच्या हातात असतं, पेढे त्याचे नसतात. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ सालीच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत तेच पुन्हा सांगायला २०२३चा डिसेंबर उजाडला; आणि तो खटला होता ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या घरातला. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं, नॉमिनीही नेमले होते. २०१३ साली ते गेले आणि नॉमिनी खरा की वारस खरा, हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. उभ्या महाराष्ट्राला वर्षभराच्या तिथी आगाऊ सांगणाऱ्या माणसाच्या घरी ही गत, तर तुमची-आमची काय कथा!

पण मला मेल्यानंतरचं बोलायचं नाही. मेल्यानंतर काय व्हायचं ते होईल, तेव्हा फॉर्म भरायला आपण नसतो हे किती बरं आहे. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या पंधरा-वीस वर्षांबद्दल. म्हणजे माणूस असतो, पण घरातले लोक त्याच्यादेखत त्याच्याबद्दल ‘ते’ असं बोलायला लागतात, त्या वर्षांबद्दल.

आमच्या बँकेत जोडखात्याचे दोन प्रकार आहेत. एक ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही केव्हाही पैसे काढावेत. दुसरा ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. यात ज्याचं नाव पहिलं, तो जिवंत आहे तोवर फक्त त्यानंच काढायचे. तो गेला की मगच दुसऱ्यानं. माझ्या मते संपूर्ण बँकिंगशास्त्रात या तीन शब्दांइतकं शहाणपण दुसरीकडे कुठे नाही. पण हे खातं मागणारा माणूस मला वर्षातून एखादाच भेटतो. कारण फॉर्म भरायला बाप येतो तेव्हा शेजारी मुलगा उभा असतो, आणि मुलाच्यादेखत ‘फॉर्मर’वर खूण करायची म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. मग बाप ‘आयदर’वर खूण करतो. तीन-चार वर्षांनी तोच बाप, तोच मुलगा पुन्हा खिडकीशी येतात. मी बापाला विचारतो, “किती काढायचेत, काका?” मुलगा सांगतो, “वीस हजार.” मी विचारतो, “तब्येत कशी आहे?” मुलगा सांगतो, “बरी आहे त्यांची.” काका खिडकीच्या चौकटीत फोटोसारखे उभे असतात.

अशा वेळी मी हळूच म्हणतो, “काका, आपल्या नावावरचं आपल्या नावावर ठेवावं.” बावीस वर्षं हा सल्ला मी फुकट वाटतो आहे. आणि गेल्या वैशाखात मी स्वतः बॅगेत बक्षीसपत्राचा मसुदा घालून आईकडे बुरोंडीला गेलो.

बुरोंडी म्हणजे दापोलीच्या खाली, समुद्राला लागून असलेलं आमचं गाव. अलीकडे लाडघर, पलीकडे कोळथरे. आमचं घर, मागचं आगर, त्यातली नारळ-पोफळी आणि विहीर, सगळं आईच्या नावावर आहे. वडिलांनी ते तिच्या नावानं घेतलं होतं. प्रेमानं घेतलं, की धंद्यातल्या देणेकऱ्यांच्या भीतीनं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचं चौदावं कलम नवऱ्याचा हेतू विचारत नाही. बाईचं ते बाईचं, पूर्ण मालकीनं. वडील २०१४ साली गेले. तेव्हापासून आई एकटी राहते. आता ती एक्याऐंशी वर्षांची आहे.

एक्याऐंशी वर्षांच्या आईचा विषय निघाला, की आम्हां भावंडांच्या बोलण्यात ‘सोय’ हा शब्द फार येतो. दादा पुण्याला, ताई चिपळूणला, मी डोंबिवलीला. दादानं फोनवर मुद्दा मांडला : उद्या आईला काही झालं तर वारस लावा, दाखले काढा, तलाठ्याकडे खेपा घाला, त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून घेतलेलं सोयीचं. महाराष्ट्रात राहतं घर आणि शेतजमीन मुलाबाळांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये. त्यावर बाकीचे किरकोळ कर. “दोनशे रुपयांत हल्ली पापलेट येत नाही,” दादा म्हणाला. हा मुद्दा मला बिनतोड वाटला. कॉमर्सच्या माणसाला स्वस्त वस्तू नेहमी योग्यच वाटते.

बायको तेवढी म्हणाली, “आईंना विचारलंत का?”

“तेच विचारायला चाललोय ना.”

“मसुदा घेऊन?” ती म्हणाली.

कोकण रेल्वेनं खेड, तिथून एस.टी.नं दापोली, तिथून दुसऱ्या एस.टी.नं बुरोंडी. या प्रवासात माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि मी तो झोपेत घालवला. जाग आली तेव्हा समोर परशुराम होता. आमच्या गावच्या टेकडीवर परशुरामाचा भला मोठा पुतळा आहे. अर्धी पृथ्वी उलट्या वाडग्यासारखी मांडलेली आणि तिच्यावर हे महाराज परशू घेऊन उभे. पर्यटक त्याच्या पायाशी उभे राहून फोटो काढतात. मीही आजवर त्याच्याकडे कौतुकानंच बघत आलो होतो. पण त्या दिवशी, मांडीवर बक्षीसपत्राचा मसुदा असताना, ती जुनी गोष्ट मला वेगळीच दिसायला लागली.

आठवून बघा. परशुरामानं एकवीस वेळा पृथ्वी जिंकली आणि मग यज्ञात ती सगळीच्या सगळी कश्यपाला दान करून टाकली. आपण म्हणतो, वा, काय हे औदार्य! पण महाभारतात पुढचं वाक्यही आहे. दान हातात पडल्यावर कश्यप म्हणाला, आता दक्षिणेकडे समुद्रकिनारी जा, माझ्या राज्यात तुम्ही राहू नये. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर, दात्यानं मिळकत बिनशर्त बक्षीस दिली आणि ‘देणाऱ्यास हयातभर राहण्याचा हक्क’ हे एक वाक्य घालायचं राहून गेलं. कश्यपाला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. तो मोठा ऋषी. दिलेली वस्तू दात्यानं वापरू नये, हेच शास्त्र. कायदेशीरदृष्ट्या तो बरोबरच होता, आणि घरोघरच्या गोष्टीत नेमकं हेच तर होतं : सगळे बरोबर असतात आणि म्हातारा बाहेर असतो.

परशुरामाचं त्यातूनही निभावलं. त्यानं समुद्राला मागं हटवून कोकण मिळवलं. तुम्ही-आम्ही उद्या किनाऱ्यावर जाऊन समुद्रावर बाण रोखला, तर सी.आर.झेड.वाले नोटीस काढतील.

घरी पोचलो तेव्हा आई खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “किती दिवस आहेस?” हा तिचा नेहमीचा प्रश्न. लगेच भात किती टाकायचा याचा हिशेब सुरू होतो. दुपारी कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, आमरस असं जेवण झाल्यावर पडवीत सुपारी कातरत ती म्हणाली, “बोल. दादाचा फोन येऊन गेलाय.”

मी विषय काढला. बी.कॉम.च्या तोंडी परीक्षेत मी इतका अडखळलो नव्हतो.

“बक्षीसपत्र,” आई म्हणाली. “म्हणजे बक्षीस मी द्यायचं. स्पर्धेत पहिला कोण आला?”

“अगं तसं नव्हे. तिघांच्या नावे सारखं. आणि तुला काही फरक पडत नाही. राहायचं तू इथेच.”

“राहायचं मी इथेच, हे तू सांगणार?”

“मी म्हणजे... तशी अट घालू ना कागदात.” इथे मला माझं ज्ञान दाखवायची संधी मिळाली. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला आहे, हे मी तिला सांगितलं. मुलानं सांभाळ करावा या अटीवर मिळकत दिली आणि त्यानं तो केला नाही, तर तेविसाव्या कलमाखाली प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. पण अट कागदावर असलेली बरी. नसेल तर ‘होती’ आणि ‘नव्हती’ यावर कोर्टात वर्षं जातात.

आईनं सगळं ऐकून घेतलं. अडकित्ता खाली ठेवला.

“मुलानं आईला जेवायला घालावं, असं सरकारी कागदावर लिहून घ्यायचं? आणि तू नाही घातलंस, की मी दापोलीला प्रांताकडे जाऊन तुझी तक्रार करायची? माझ्यानं होणार आहे का ते? त्यापेक्षा घर माझ्याकडेच राहू दे. अटही लिहायला नको, तक्रारही करायला नको. तुम्ही आपले गुणाचे आहात, तसेच राहाल.”

वाचकहो, बक्षीसपत्र न करण्यात मुलांवर अविश्वास असतो, असं मी इतकी वर्षं समजत होतो. अटीसकट करण्यात त्याहून मोठा अविश्वास असतो आणि तो तर नोंदवून, साक्षीदारांसमोर, दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर असतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“आणि आणखी एक,” आई म्हणाली. “तू आलास की मी विचारते, किती दिवस आहेस. सही केल्यावर हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा?”

मी सुपारी तोंडात टाकली. तोंडात काहीतरी असलेलं बरं असतं.

आमच्याकडे ताटाची आणि पाटाची म्हण सगळ्यांना पाठ आहे. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं, डॉ. लागूंचे गणपतराव बेलवलकर ज्यांनी पाहिले ते अजून त्याबद्दल बोलतात. बेलवलकर सुरुवातीलाच मुलांना सगळं वाटून मोकळे होतात, आणि पुढचं सगळं नाटक त्या मोकळं होण्याची किंमत आहे. पन्नासहून अधिक वर्षं आपण ते बघून रडतो आहोत. मुलगा बापाकडे बघत रडतो, बाप घरच्या कपाटाची आठवण काढत रडतो. आणि घरी आल्यावर दोघंही ‘आपलं तसं नाही’ म्हणून झोपतात. मीसुद्धा रडलो होतो. पण मी स्वतःला बेलवलकरांच्या जागी बसवून रडलो होतो. त्या नाटकात मुलांचंही काम असतं आणि ते मला आलेलं आहे, हे कळायला बुरोंडीची पडवी लागली.

आता एक प्रामाणिक शंका. आपले संतसज्जन तर सांगतात, सोडा, मोह सोडा. शास्त्रानं वानप्रस्थाश्रम सांगितला आहे. मग एक्याऐंशीव्या वर्षी सात-बारा धरून ठेवणं ही आसक्ती नव्हे का? हे मी आईला विचारायचं धाडस केलं. (नेमके हे शब्द नव्हते. मी म्हणालो, “आता कशाला तुला हा व्याप?”) पण उत्तर मला तिच्या वागण्यातच दिसत होतं. तिच्याइतकी सोडणारी बाई मी पाहिली नाही. आंबे वाटते, नारळ वाटते. स्वतःच्या पाटल्या मोडून तिनं ताईच्या मुलीची फी भरली. सोडत नाही ते फक्त नाव. शिवाय वानप्रस्थ म्हणजे घर सोडून स्वतःच्या पायांनी वनात जाणं. घर सोडून मुलाच्या फ्लॅटमधल्या हॉलच्या कोपऱ्यात जाणं, याची सोय शास्त्रात नाही.

मग तिनं आतून पत्र्याची पेटी आणली. मला वाटलं, ती विरघळली. पेटीतून तिनं एक पासबुक काढलं आणि चष्मा लावून माझ्यापुढे धरलं.

“हे ‘आयदर’ म्हणजे काय रे?”

मला घाम फुटला. कारण ते ‘आयदर’ माझ्या अक्षरातलं होतं. वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मीच फॉर्म भरला होता : पहिलं नाव आईचं, दुसरं दादाचं आणि खूण ‘आयदर’वर. तिला विचारलं नव्हतं. मी बँकेतला, मला विचारायचं काय? सोयीचं होतं.

त्या सोयीचं पुढे काय झालं, ते मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. दापोलीच्या किनाऱ्यावर माड मोडून पडले. आमच्या घराची पाठची बाजू उघडी पडली. टाळेबंदीचे दिवस, पुण्याहून दादाला येता येईना. पण त्यानं तिथे बसून सगळी धावपळ केली, दापोलीचा एक माणूस गाठला, आईच्या खात्यातून ३८,००० रुपये त्याच्याकडे पाठवले आणि पावसाच्या आत छप्पर करून घेतलं. पत्र्याचं. आम्ही सगळ्यांनी दादाचं कौतुक केलं. मी तर ‘शाब्बास’ असं लिहून पाठवलं होतं.

“मला कौलं हवी होती,” आई म्हणाली. “खाली पडलेल्यांतली निम्मी धड होती. जरा थांबून शाकारणी करता आली असती. पाऊस सुरू झाला की त्या पत्र्याखाली झोप लागत नाही. पाच पावसाळे झाले. पैशांचं काही नाही रे. माझे पैसे, माझ्याच घराला लागले. पण मला कुणी विचारलं नाही.”

दादानं लबाडी केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं; लबाड माणसाशी भांडता येतं. त्यानं तिचं भलंच केलं होतं, आणि भलं करणाऱ्याशी भांडायला तोंड कुठून आणायचं? पाच वर्षं ती पत्र्याखाली जागी राहिली आणि फोनवर “सगळं ठीक आहे” म्हणत राहिली.

“मग मी दापोलीला जाऊन आले,” ती सहज म्हणाली. दुय्यम निबंधकाकडे जाऊन तिनं मृत्युपत्र नोंदवलं होतं. साक्षीला शेजारचे निवृत्त मास्तर आणि दापोलीचे तिचे डॉक्टर. खरं तर मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर सही आणि ती होताना बघणारे दोन साक्षीदार असले की पुरतं. हे मी तिला सांगायला गेलो, तर तिनं उलट मलाच सांगितलं, “ठाऊक आहे. नोंदवलेलं बरं असतं. आणि कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ते खरं. एकदा बदललंयसुद्धा.”

“का?”

“तुझा दोन महिने फोन नव्हता.”

ती हसली. ही थट्टा होती की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी न चुकता फोन करतो. हा फोन प्रेमाचा की मृत्युपत्राचा, असा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. जमेची बाजू आणि नावेची बाजू मांडून पाहिली, ताळा जमला नाही. एक मात्र लक्षात आलं. मला धास्ती घराच्या तिसऱ्या हिश्शाची वाटली नव्हती. आई आपल्यावर रागावू शकते, ही गोष्ट कित्येक वर्षांनी आठवली होती. सगळं देऊन बसलेला म्हातारा रागावत नाही. तो समजून घेतो, सांभाळून घेतो, चहा गार असला तरी छान झालाय म्हणतो. आपण त्याला ‘स्वभाव किती निवळला’ म्हणतो. रुसायलाही ऐपत लागते.

आता हे सगळं ज्यांच्या नावावर काही आहे त्यांचं झालं. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक मावशी राहतात. पंच्याहत्तरीच्या असतील. सुकी मासळी विकतात. त्यांच्या नावावर घर नाही, होडी नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये त्यांच्या स्वतःच्या खात्यात येतात. तेवढे काढायला त्या एकट्या दापोलीला जातात. मुलगा बरोबर येतो म्हणाला तर म्हणतात, “तू होडीकडं बघ.” श्रावणबाळाचं नाव घेतलेल्या योजनेचे पैसे काढताना मुलाला बरोबर न्यायचं नाही, यातला शहाणपणा आमच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईनं मला कामाला लावलं. एक तर दवाखान्याचं. उद्या शुद्ध हरपली तर नळ्या लावून ठेवू नका, हे तिला लिहून ठेवायचं होतं. असा कागद करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मान्य केलं आणि २०२३च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तिनं सांगितलं, मी लिहिलं. “माझ्या बाबतीत काय करायचं, हे मी बोलू शकत नसेन तेव्हा...” इथपर्यंत लिहिल्यावर मला पुढचं दिसेना. आई म्हणाली, “अक्षर नीट काढ. नोटरीला वाचता आलं पाहिजे.”

मृत्युपत्राचा एक्झिक्युटर, म्हणजे तिच्यामागे ते अमलात आणणारा, म्हणून तिनं माझंच नाव घातलं आहे, हेही मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, “अगं, टिळकांचं काय झालं ठाऊक आहे ना?” लोकमान्यांचं मूळ गाव चिखलगाव, आमच्याच तालुक्यातलं. १८९७च्या ऑगस्टमध्ये पुण्याचे बाबामहाराज पंडित गेले आणि मृत्युपत्रात टिळकांना एक्झिक्युटर करून गेले. त्यातून निघालेलं ताईमहाराज प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलात १९१५ साली मिटलं. स्नेह्याच्या शब्दाखातर अठरा वर्षं. आई म्हणाली, “ते टिळक होते. तुझ्या वाट्याला कोण एवढा खटला घालतोय?”

आणि शेवटचं काम ‘आयदर’चं. खातं ‘फॉर्मर’ करायचा अर्ज मी तिथेच लिहिला. तिनं पहिली सही केली, मोडी वळणाची, सावकाश, जीभ दातांत धरून. पण आमचा नियम असा, की व्यवहाराची पद्धत बदलायची तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. म्हणजे दादाची पाहिजे. म्हणजे दादाला सांगायला पाहिजे. अर्ज मी डोंबिवलीहून कुरिअरनं पुण्याला पाठवला आणि बरोबर चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत पत्र्याचं लिहिलं, ‘शाब्बास’चं लिहिलं, मूळ खूण माझी होती हेही लिहिलं.

तीन आठवडे दादाचा फोन नाही. वहिनींनी माझ्या बायकोला फोन केला, त्यात हवापाण्याखेरीज काही नव्हतं. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

मृगाच्या तोंडावर आईचाच फोन आला. मागे ठोकाठोकीचा आवाज येत होता.

“दादा आला होता,” ती म्हणाली. “सही केलीन. रात्री पाऊस झाला, तर उठून बसला होता ओटीवर. विचारलं, झोपला का नाहीस, तर म्हणे, आवाज केवढा होतो गं.”

“मग?”

“मग काय. पुढची चौकशी त्याची तो करतोय. कौलं आता मिळत नाहीत म्हणाला, कुठल्या तरी पडक्या घराची बघून ठेवलीत. मला विचारत होता, चालतील का.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आधी बघेन,” आई म्हणाली. “ठेव आता. सुतार चहाला खोळंबलाय.”